सुखरामच्या पंपात काय होतं

सुखराम आपल्या लेकीशी बोलत नाही, हे सगळ्या सिहोऱ्याला ठाऊक होतं आणि आता त्याचं कोणाला नवलही राहिलं नव्हतं. बापलेक एकाच घरात राहत, एकाच चुलीवरचा भात खात. पण शालूला काही सांगायचं झालं की सुखराम बायकोकडे तोंड करी. "सांग तुह्या पोरीले, गाय सुटली." पोरगी तिथेच हाताच्या अंतरावर बसलेली असे. तीही आईकडे पाहून म्हणे, "सांग बाबाले, बांधली." शकुनबाई मधल्या मधे. सुरुवातीला ती बिचारी खरोखरच निरोप इकडचा तिकडे करी. पुढे "आयकलं तिनं" एवढंच म्हणू लागली. अलीकडे तर तेही सोडून ती मुकाट्याने भाजी चिरत बसे.

अबोल्याचं कारण जुनं होतं आणि तेही गावाला ठाऊक होतं. शालूचं लग्न भैयाजींनी जमवलं होतं. भैयाजी म्हणजे आसपासच्या गावांतली सोयरीक जमवणारा मोठा माणूस. त्यांनी शब्द टाकला की पुढे कोणी चौकशी करायची नाही, तो त्यांचा अपमान. मुलाचं तुमसरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, असं त्यांनी सांगितलं. सुखराम जाऊन दुकान पाहून आला. मुलगा गल्ल्यावर बसला होता, त्याने चहा मागवला, सुखरामने चहा घेतला आणि सोयरीक पक्की झाली. दुकान मुलाच्या आतेभावाचं आहे आणि मुलगा तिथे फक्त चहा प्यायला बसतो, हे लग्नानंतर कळलं. बाकीही बरंच कळलं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, ते खरंच आहे. पण काही घरांत चुलीशेजारी काठीही असते, ते कोणी म्हणत नाही.

त्या दिवसांत शालूला एकच ओढ होती, दुपारी डबा घेऊन त्या दुकानात जायचं. आतेभाऊ भला माणूस. ही पोरगी भिंगात डोकावून पाहते, विचारते, हे पाहून त्याने तिला कथलाचा डाग देऊन तारा जोडायला शिकवलं, मीटर लावायला शिकवलं. नवऱ्याला जे कधी आलं नाही ते बायकोला आलं. काही वर्षांनी ती कायमची माहेरी आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन लुगडी, एक मीटर आणि एक डाग द्यायची कांडी होती.

सुखरामने लगेच भैयाजींना बोलावलं. अंगणात चार लोक बसले. समजूत घालून पोरीला परत पाठवायची, असं ठरलेलं होतं. शालूने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग बापाला विचारलं, "बाबा, बैल घेता तं दात पाहता, चालवून पाहता, चार गावात विचारता. मले देतानी तुम्ही कोणाले विचारलं? एका माणसाले तरी?"

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. भैयाजी दुपट्टा झटकून उठले. लोक उठले. सुखराम तसाच बसून राहिला, आणि त्या दिवसापासून तो लेकीशी बोलला नाही.

शालूने बसस्टँडजवळ टपरी टाकली. हात चांगला होता, तोंड मात्र गोड नव्हतं. जे होणार नाही त्याला ती सरळ नाही म्हणे, आणि जे करू नये त्यालाही नाही म्हणे. गावाने तिला 'नाहीवाली' नाव ठेवलं. तिलाही ते माहीत होतं. ती म्हणे, हो म्हणून म्हणून आतापर्यंत काय मिळालं?

कार्तिक लागला की या भागात धान पिकायला येतं आणि रानडुकरांना सुगावा लागतो. मग घरचा एक माणूस बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मचाणावर मुक्काम करतो, त्याला जागल म्हणतात. मचाणावर तणस, म्हणजे धानाचं वाळलेलं गवत, अंथरायची, वर चादर, हाताशी टॉर्च आणि डबा. पूर्वी वेळ काढायला बिडी होती, आता मोबाईल आहे. सुखराम तर मचाणावर झाडीपट्टीतल्या नाटकांचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लावून ठेवी. डुकरं त्याने पळतात, असं तो म्हणे. ती ऐकायला येतात, असं शेजारचे म्हणत. नाटकाने फोन लवकर उतरतो, आणि बांधीत कुठली आली वीज? तेव्हा या लोकांनी एक युक्ती काढली. फवारणीचा पाठीवरचा पंप असतो, त्याच्या बुडाशी बॅटरी असते. जुन्या चार्जरची तार कापायची, लाल लालला, काळी काळीला बांधायची आणि दुसरं टोक फोनला लावायचं. साधे बटनांचे फोन होते तेव्हा हे चालून जाई. फोन फुगे, मरे, दुसरा येई. नव्या फोनांनी मात्र साफ नकार द्यायला सुरुवात केली. तार लावली तरी पडद्यावर काहीच उमटेना.

"पकडत नाही," असं म्हणत लोक शालूच्या टपरीवर येऊ लागले.

शालू फोन घेई, आपला चार्जर लावी, फोन चार्ज होऊ लागे. "चांगला आहे. न्या."

"अवं, पण पंपावर पकडत नाही न!"

"पकडू नाही म्हणूनच पकडत नाही."

मग तिला समजावून सांगावं लागे. फोनमध्ये पिन जिथे शिरते तिथून आत जाणाऱ्या वाटेवर खसखशीच्या दाण्याएवढा एक तुकडा बसवलेला असतो. शालू त्याला चौकीदार म्हणे. पाच व्होल्ट आले तर तो वाट मोकळी ठेवतो, भलतेच जास्त आले तर वाट बंद करतो. पंपाची बॅटरी बाराची. चौकीदार वाट बंद करतो, म्हणजे तो आपलं काम करतो. त्याच्या शेजारी आणखी एक तुकडा असतो, तो चौकशी करणारा. चार्जरच्या तारेत वीज नेणाऱ्या दोन तारांखेरीज आणखी दोन बारीक तारा असतात. खऱ्या चार्जरमध्ये या दोघी आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, कॉम्प्युटरमध्ये नसतात. फोन एकीवर किंचितशी वीज सोडतो आणि दुसरीवर ती परत येते का पाहतो. आली, तर समोर चार्जर आहे, पोटभर घ्या. नाही आली, तर दुसरंच कोणी आहे, बेताने घ्या.

"फोन आधी विचारते, मंग खाते," शालू म्हणे. आणि हे वाक्य म्हटलं की तिला दर वेळी ते अंगण आठवे आणि ती उगाच पुढच्या गिऱ्हाइकावर करवादे.

लोकांना हे पटत नसे. ज्याला आपण खायला घालतो आणि जे खात नाही, ते आजारी, हा त्यांचा हिशेब. गुरांच्या बाबतीत तो बरोबरही आहे. ते रस्ता ओलांडून निकेशच्या दुकानात जात. निकेश हसतमुख पोरगा, काचेचं दुकान, आत पंखा. तो चौकीदाराला उचलून बाजूला ठेवी आणि त्याच्या जागी केसाएवढी तार जोडून देई. याला जंपर मारणं म्हणतात. वाट कायमची उघडी. फोन पंपावर झटक्यात पकडे, गिऱ्हाईक खूश. निकेशच्या मनात पाप नव्हतं. शालूने एकदा त्याला टोकलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक म्हणते पकडला पाहिजे. मी पकडवून देतो. पुढचं त्याचं तो पाहून घेईन."

तर त्या कार्तिकात सुखरामचाही फोन पकडेना. हा नवाच फोन नागपूरला कामाला असलेल्या लेकाने, कमलेशने, घेऊन दिलेला. सुखरामला त्याचा फार अभिमान. तो स्वतः टपरीवर कसा जाणार? शकुनबाई गेली.

"बाप म्हणते, पकडत नाही."

"फोन चांगला आहे, आई. पंपावर लावू नका म्हणा. घरून भरून न्या."

शकुनबाईने निरोप दिला. सुखरामने तो ऐकला आणि त्याला त्यात फक्त 'नाही' ऐकू आलं. जगाचे फोन दुरुस्त करते आणि बापाच्या फोनाला नाही म्हणते. तो तडक निकेशकडे गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने पंप अंगणाच्या मधोमध आणून ठेवला, तार लावली आणि नाटक सुरू केलं. आवाज पार मोठा. नाटकातली सासू सुनेला घराबाहेर काढत होती आणि सुखराम खाटेवर पाय हलवत बसला होता. "सांग तुह्या पोरीले," तो म्हणाला, "पकडते म्हणा."

शालूने आल्या आल्या फोनच्या पाठीला हात लावून पाहिला. भाकरीच्या तव्यासारखी तापलेली. तिला कळायचं ते कळलं.

तिला जे दिसत होतं ते असं: हा फोन आज तापतो, उद्या तापेल, मग त्याची बॅटरी फुगेल आणि एक दिवस पेट घेईल. बापाला फोन उशाशी घेऊन झोपायची सवय. उशाखाली तणस. मचाण बांबूचं. तिचा बाप पेटत्या मचाणावर, एवढंच चित्र तिच्या डोळ्यांपुढे राहिलं, आणि तिचा राग कुठच्या कुठे गेला.

"आई, तू सांग त्यांले. जीव जाईन."

"मी सांगतलं. म्हणते, पोरगी जळते निकेशवर."

"मंग मी काय करू?"

शकुनबाईने चिरायची भाजी बाजूला सारली. "तुले वाटते तो तुह्यावर रागवून आहे," ती म्हणाली. "राग नोहोय वं तो. लाज आहे. रागाचा माणूस तं दोन महिन्यात बोलते."

शालू उठून गाय बांधायला गेली. पण रात्रभर ते तिच्या डोक्यात राहिलं.

फोन हाती लागणं शक्य नव्हतं; तो बापाच्या बंडीच्या खिशात. पंप मात्र दिवसा पडवीत असे. बाप जेवून आडवा झाला की कोणी पाहायला नाही. फोनचा चौकीदार गेला तर गेला, आपण बॅटरीलाच शहाणं करू, असं तिने ठरवलं. गाडीत लावायचा एक जुना चार्जर तिच्या भंगारात होता. तो बारा घेतो आणि पाच देतो. तिने त्याचं कवच फोडून आतला तुकडा काढला, पंपाचा डबा उघडला आणि बॅटरी आणि तार यांच्यामध्ये तो बसवला. फोनला चौकशी करता यावी म्हणून त्या दोन बारीक ताराही एकमेकींना जोडून दिल्या. वर लाल दोरा गुंडाळला, तिची ती सवयच. डबा बंद केला, स्क्रू घट्ट केले आणि पंप होता तसा ठेवून दिला.

संध्याकाळी सुखरामने तार लावली. फोन पकडला. तापला नाही. त्याला काही कळलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सुखरामला एवढंच दिसलं की निकेशने फोन असा काही बनवून दिला की दिवसच्या दिवस चालला तरी गरम होत नाही. ज्याला लेकीशी बोलता येत नाही त्याला गावाशी बोलायला काय हरकत? तो पानठेल्यावर सांगे, गिरणीवर सांगे, बांधीच्या धुऱ्यावर उभं राहून पलीकडच्याला सांगे. "निकेशजवळ जा गा. माहा पाह्य. थंडगार." निकेशकडे रांग लागली. शालूची टपरी ओस पडली.

ओस पडली याचं तिला वाईट वाटलं, पण तेवढं नाही. खरं दुखणं वेगळं होतं. एकेक माणूस जंपर मारून जागलीला जात होता आणि त्याच्या पंपात काही नव्हतं. बाप वाचला होता, पण त्याच्या बोलण्यावर सगळं गाव निघालं होतं. बोलावं तर चारचौघांत सांगावं लागणार, सुखरामचा फोन निकेशमुळे नाही, माझ्यामुळे चालतो. एकदा चारचौघांत बोलल्याने बापाचं बोलणं गेलं होतं. आता तो तोंडही पाहणार नाही. शालू एरवी भिणारी बाई नव्हती, पण याला ती भ्याली. आज सांगू, उद्या सांगू, असं करत गप्प राहिली. हे तिचं चुकलंच.

मग एका रात्री गोमाजीचा फोन पेटला. गोमाजी सुखरामच्या शेजारचा बांधीवाला, म्हातारा, एकटा. देव पाठीशी, म्हणून त्या वेळी तो मचाणावरून उतरत होता. चादर गेली, थोडी तणस गेली, विझवताना डावा हात पोळला. सकाळी हाताला फडकं बांधून तो आला तो निकेशकडे नाही, सरळ शालूच्या टपरीवर.

"तुह्या बापानं पाठवलं मले निकेशजवळ!" तो ओरडला. "त्याचा चालते न माहा काहून जळला? काहून, सांग!"

माणसं जमली. समोरच्या पानठेल्याच्या बाकावर सुखराम बसला होता. त्याच्या हातातलं पान तसंच राहिलं. निकेशही दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला, त्याचा चेहरा उतरलेला.

शालूने गोमाजीच्या हाताकडे पाहिलं. मग तिने बापाकडे पाहिलं नाही, मुद्दामच नाही. "काका," ती म्हणाली, "जंपर मारला की फोनात बारा जाते. सगळ्याच फोनात जाते. बाबाच्या फोनात जात नाही, काहून का त्यांच्या पंपात मी एक तुकडा बसवला. त्यांले माहीत नाही. मी पहिलेच सांगाले पाहिजे होतं तुम्हाले. भेव लागलं म्हणून नाही सांगतलं."

सगळ्यांच्या माना पानठेल्याकडे वळल्या. सुखराम उठला. पान बाकावरच ठेवलं आणि घराच्या रस्त्याला लागला.

"झालं," कोणीतरी म्हणालं. "आता हिले घरातही घेत नाही."

शालूलाही तसंच वाटलं. तिने गोमाजीला बसवलं, हातावरचं मळकं फडकं काढून पाणी घातलं आणि स्वच्छ कापड बांधलं. तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं.

लोक अजून पांगले नव्हते तोच सुखराम परत आला. पाठीवर पंप. फवारणीला निघाल्यासारखा तो भर बाजारातून चालत आला, टपरीपुढे थांबला आणि पंप फळीवर ठेवला. डबा आधीच उघडलेला होता. आत लाल दोरा गुंडाळलेला तुकडा होता.

"पाह्य गा," तो गोमाजीला म्हणाला. "हे आहे. निकेशनं काही नाही केलं. मी फुकाचा डंका पिटून राहिलो होतो. तुहा हात माह्या तोंडानं जळला."

गोमाजीने डब्यात वाकून पाहिलं. सुखराम वळला. त्याने सवयीने बाजूला पाहिलं, पण शकुनबाई तिथे नव्हती. मधे कोणीच नव्हतं. फळी होती, फळीवर पंप होता आणि पलीकडे लेक.

"मले विचाराचं तं होतं," तो म्हणाला.

किती वर्षांनी तो आवाज तिच्याकडे तोंड करून आला होता. तरी ती शालूच. "विचारलं असतं तं हो म्हटलं असतं का तुम्ही?"

सुखरामने खरोखर विचार केला. "नाही," तो म्हणाला.

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सुखराम त्या लाल दोऱ्याकडे पाहत राहिला. त्याला आणखी काही म्हणायचं होतं आणि ते निघत नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी त्याने गोमाजीकडे बोट केलं.

"याच्या पंपाले बी असंच बसवून देशीन का?" तो म्हणाला. आणि मग हळू आवाजात, "मी विचारून राहिलो, शालू."

तिला रडू आलं. तिने भिंगाखाली मान घातली, पण ते कोणापासून लपलं नाही.

"देतो बसवून," ती म्हणाली. "सगळ्यांच्याच देतो. पण पहिले तुमचा फोन आणा इकडं. तो जंपर काढाचा आहे."

सुखरामने बंडीच्या खिशातून फोन काढून दिला. त्यात नाटक चालूच होतं. शालूने ते बंद केलं आणि फोन उघडायला घेतला. सुखराम पंप खाली उतरवून टपरीच्या फळीला टेकून उभा राहिला.